पाच चुली, एक मीटर

रायपूरच्या तात्यापाऱ्यात एक जुना वाडा होता. पुढच्या भागात आजी राहत. मागच्या अंगाला चार खोल्या होत्या आणि चारही भाड्याने दिलेल्या होत्या. वाड्यात चुली पाच पेटत, पण विजेचे मीटर एकच होते. ते जिन्याखाली एका जुन्या लाकडी फळीवर बसवलेले होते. बिल आजींच्या यजमानांच्या नावाने येई. यजमान जाऊन अकरा वर्षे झाली होती.

आजी हिशेबाला चोख होत्या. बिल आले की त्या चष्मा लावत आणि रकमेचे पाच सारखे भाग करत. एक भाग स्वतःचा, चार भाडेकरूंचे. आपल्या भागातला एक रुपयाही त्यांनी कधी कुणावर टाकला नाही. गल्लीत त्यांच्या सचोटीचे नाव होते आणि ते खोटे नव्हते.

शेवटच्या खोलीत गोंदियाकडून आलेली एक बाई राहत होती. नवरा नव्हता. सातवीतला एक मुलगा होता. ती चार घरची भांडी घासायची. पहाटे पाचला बाहेर पडायची आणि दिवेलागणीला परतायची. तिच्या खोलीत एक दिवा होता आणि एक टेबल फॅन. तिसरी वस्तू विजेवर चालणारी नव्हती.

छत्तीसगडमध्ये मार्च २०१९ पासून घरगुती ग्राहकांना महिन्याच्या पहिल्या ४०० युनिटांचे निम्मेच बिल भरावे लागे. लोक त्याला 'हाफ बिल' म्हणत. वाड्याचे मीटर महिन्याला ३६० युनिटांच्या आसपास फिरे. त्यामुळे सगळ्या वाड्यालाच हाफ बिल लागू होते. प्रत्येकाच्या वाट्याला दोनशे रुपयांच्या आसपास येत आणि कुणी काही बोलत नसे.

मग १ ऑगस्ट २०२५ पासून नियम बदलला. ज्या मीटरवर महिन्याला १०० युनिटांपर्यंतच वीज लागते, त्यालाच हाफ बिल मिळू लागले.

सप्टेंबरचे बिल आले. ते जवळजवळ दुप्पट होते. आजींनी पुन्हा पुन्हा पाहिले, सुस्कारा टाकला आणि नेहमीसारखे पाच सारखे भाग केले. प्रत्येकी चारशेच्या वर गेले. पहिल्या खोलीवाल्याने कुरकुर करत दिले. मधल्या दोघांनी दिले. शेवटच्या खोलीतली बाई दारात आली. तिने पदराची गाठ सोडली आणि दोनशे रुपये ठेवले. "बाकीचे पगार झाल्यावर देते, आजी," एवढेच ती म्हणाली.

त्या दिवसापासून शेवटच्या खोलीची खिडकी अंधारी राहू लागली.

आजींनी दोन-तीनदा पाहिले. बाईला संध्याकाळचेही काम मिळाले असेल, असे त्यांना वाटले. मुलगा मारुतीच्या देवळाच्या पायरीवर दिव्याखाली पुस्तक घेऊन बसलेला दिसे. देवाच्या दारात बसून अभ्यास करतो, गुणी पोर आहे, असे म्हणून त्या पुढे जात.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला एका रात्री आजींच्या स्वयंपाकघरात धूर आला. उकाडा अजून ओसरला नव्हता, खिडक्या उघड्या होत्या. मागे कोण चूल पेटवते आहे, भिंती काळ्या होतील, असे मनात म्हणत त्या रागाने परसात गेल्या.

परसात तीन विटा मांडल्या होत्या. सुताराच्या दुकानातल्या लाकडाच्या ढलप्या त्यांत जळत होत्या. बाई डोळे पुसत फुंकर घालत होती. मुलगा बाहेरच चटईवर झोपला होता आणि त्याच्या छातीवर ओला पंचा टाकलेला होता.

"गॅस संपला का गं?" आजींनी विचारले.

"संपला, आजी. उज्ज्वलाचा आहे. सबसिडी मिळते, पण ती मागून खात्यात येते. सिलिंडर घेताना आधी पूर्ण पैसे मोजावे लागतात. ते पैसे लाईट बिलात गेले."

आजींनी खोलीत डोकावले. अंधारात टेबल फॅन कोपऱ्यात उभा होता. धूळ बसू नये म्हणून त्याच्यावर जुनी साडी गुंडाळलेली होती.

"पंखा बिघडला का?"

"नाही, बंद ठेवला. दिवापण लावत नाही. फोन कामाच्या घरी चार्ज करते, त्याच्याच उजेडात जेवतो."

"अगं, तुझ्या एका पंख्यानं कितीसं बिल वाढतं?"

बाईने चुलीतले लाकूड आत सारले. मग ती हळूच म्हणाली, "तेच मला समजत नाही, आजी. महिनाभर सगळं बंद ठेवलं. तरी माझ्या भागातले वीस-बावीस रुपयेच कमी झाले."

आजींना भिंतीबद्दल बोलायचे होते. त्या काही न बोलता परत आल्या. त्या रात्री त्यांना झोप लागली नाही.

सकाळी त्यांनी गल्लीतल्या म्हाताऱ्या लाइनमनला बोलावले. तो सेवेतून निवृत्त झाला होता. तो मूळचा छत्तीसगडी, पण तात्यापाऱ्यातल्या मराठी घरांत वावरून चांगले मराठी बोलायचा. आजींना तो 'दाई', म्हणजे आई, म्हणायचा.

"बिलात काही चूक आहे का, बघ," आजी म्हणाल्या.

त्याने सप्टेंबरचे बिल वाचले. मग वही मागितली आणि पाचही घरांतून फिरून आला. कुणाकडे काय चालते, किती वॅटचे आणि किती तास, ते त्याने लिहून आणले आणि ओसरीवर बसून बेरीज केली.

"हजार वॅटची वस्तू तासभर चालली की एक युनिट होतं, दाई. तुमचा फ्रीज, पाण्याची मोटर, टीव्ही, पंखे, सगळं धरून १२०. पहिल्या खोलीत कूलर आहे, तिथं ९५. पुढच्या खोलीत ७५, तिच्या पुढं ५२. आणि त्या बाईचा नऊ वॅटचा दिवा शंभर तास जळला तरी एक युनिट पुरं होत नाही. पंखा रात्रभर फिरला तर अर्धं युनिट. महिन्याचे सगळे मिळून १८. झाले तुमचे ३६०. बिलात चूक नाही."

आजी वहीकडे बघत राहिल्या. ३६० चे पाच भाग म्हणजे प्रत्येकी ७२. बाई १८ युनिटे वापरत होती आणि ७२ युनिटांचे पैसे देत होती.

"आणि तिनं सगळं बंद ठेवलं, तर?" त्यांनी विचारले.

"तर तिनं वाचवलेल्या १८ युनिटांचेही पाच भाग झाले, दाई. घाम तिनं गाळला आणि थोडीथोडी बचत सगळ्यांना मिळाली. तुम्हालाही."

आजींनी चष्मा काढला.

लाइनमन पुढे म्हणाला, "कंपनीच्या कागदावर या वाड्यात एकच घर आहे. ते घर ३६० युनिटं जाळतं. मग कागदाला ते खातंपितं घर दिसतं, त्याला हाफ बिल कसं मिळेल? तिच्या नावाचं मीटर असतं, तर १८ युनिटांचं निम्मंच बिल आलं असतं. म्हणजे नऊ युनिटांचे पैसे. आज ती ७२ चे भरते. जवळजवळ आठपट. इथलं गरिबी रेषेचं कार्ड असतं, तर महिन्याला ३० युनिटं फुकट होती. तिचं नाव अजून गोंदियाकडच्या सासऱ्याच्या कार्डात आहे. पण हाफ बिलाला ते कार्ड लागत नाही. आपलं मीटर लागतं, आणि मागचं बिल थकलेलं नसावं लागतं."

आजी बराच वेळ गप्प होत्या. मग त्या उठल्या आणि कपाटातला पत्र्याचा डबा घेऊन आल्या. त्यात घराचे कागद होते. तळाशी एक घडी घातलेला अर्ज होता.

दोन वर्षांपूर्वी बाईनेच तो आणला होता. "आजी, मला वेगळं मीटर घ्यायचं आहे. घरमालकाची सही लागते म्हणतात," असे ती म्हणाली होती. आजींनी "बघू" म्हटले होते आणि अर्ज डब्यात टाकला होता. यजमान नेहमी सांगत, भाडेकरूचे नाव एकदा कागदावर चढले की घर हातचे गेले. ती भीती आजींनी त्यांच्या माघारीही जपून ठेवली होती. बाईने पुन्हा विचारले नव्हते.

"सही दिली तर ती खोलीवर हक्क सांगेल का?" आजींनी विचारले.

"भाड्याचा करार वेगळा आणि विजेचं कनेक्शन वेगळं. करार नीट लिहा, दोघींच्या सह्या करा. २००३ च्या वीज कायद्यात तर मालकाप्रमाणे तिथं राहणाऱ्यालाही कनेक्शन मागता येतं. पण चार घरची भांडी घासणारी बाई कायदा हातात घेऊन तुमच्या दारात उभी राहील का, दाई? ती 'बघू' ऐकून परत गेली."

संध्याकाळी आजींनी सगळ्यांना ओसरीवर बोलावले. प्रत्येक खोलीला वेगळे मीटर घ्यायचे, आपण सह्या देतो, असे त्यांनी सांगितले. मोटर आणि जिन्यातला दिवा आजींच्या मीटरवर राहणार होता.

पहिल्या खोलीवाला म्हणाला, "आजी, इतकी वर्षं सारखे भाग चालले होते. कुणाची तक्रार नव्हती."

"चालले होते," आजी म्हणाल्या, "कारण ती बोलत नव्हती."

मग त्यांनी शेवटच्या खोलीतल्या बाईला जवळ बसवले. नव्या मीटरला अनामत रक्कम भरावी लागणार होती आणि ती कुठून आणायची, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होते. आजींनी एक पाकीट तिच्या हातात ठेवले.

"नको, आजी. मी फेडणार कशी?"

"हे माझे नाहीत. तू इथं आलीस तेव्हापासून दर महिन्याला तुझ्याकडून जास्त गेले. तेवढे सगळे आज मला जमत नाहीत, थोडे थोडे भाड्यातून वळते करीन. अनामत यातून भर. तुझेच पैसे आहेत."

बाईने पाकीट घेतले. पदराच्या त्याच गाठीत बांधले.

दिवाळी झाली आणि जिन्याखालची जुनी फळी निघाली. तिच्या जागी नवा बोर्ड आला आणि त्यावर पाच मीटर ओळीने बसले. मुलगा कितीतरी वेळ आपल्या मीटरसमोर उभा होता. त्यावरचा लाल ठिपका सावकाश लुकलुकत होता. शेजारी आजींच्या मीटरचा ठिपका भरभर लुकलुकत होता. दोन्हींतला फरक त्याला कुणी समजावून सांगावा लागला नाही.

नोव्हेंबरच्या वापराची पहिली पाच बिले आली. चार खोल्यांना हाफ बिल लागले, कूलरवाल्या खोलीलाही. शेवटच्या खोलीचे बिल शंभर रुपयांच्या आत होते. पूर्ण बिल एकट्या आजींना आले. त्यांच्या १२० युनिटांना तेव्हा सवलत नव्हती. ते बिल वाड्यात सगळ्यात मोठे होते. आजींनी ते वहीत लिहिले आणि भरून टाकले. पुढे १ डिसेंबरपासून सरकारने हाफ बिलाची मर्यादा २०० युनिटांवर नेली आणि आजीही त्यात बसल्या. पण ते नंतरचे. त्या रात्री मोठे बिल भरूनही त्यांना शांत झोप लागली.

शेवटच्या खोलीची खिडकी आता दिवेलागणीला उजळू लागली. मुलगा देवळाच्या पायरीवर फक्त नमस्काराला जाऊ लागला. परसातल्या तीन विटा कुणीतरी तुळशीच्या कट्ट्याला लावल्या.

छत्तीसगडच्या कोळशावर दूरदूरच्या शहरांत दिवे लागतात. त्याच छत्तीसगडच्या राजधानीत एक बाई महिनाभर फोनच्या उजेडात जेवली. तिचे कुणी काही चोरले नव्हते. आजी खोट्या नव्हत्या, बिल खोटे नव्हते, सवलतही खोटी नव्हती. पण सवलत दारापर्यंत येते आणि दारावर ज्याचे नाव नसते, त्याला ती सापडत नाही. म्हणूनच सगळ्यात कमी जाळणारा कित्येकदा सगळ्यात महाग उजेड विकत घेतो. सारखे भाग करणे सोपे असते, त्याला पाचाचा भागाकार पुरतो. न्याय करायचा तर प्रत्येकाच्या खोलीत डोकावावे लागते आणि आपली जुनी भीती डब्यातून बाहेर काढावी लागते.

शेजारची खिडकी अंधारी दिसली, तर तिथे कुणी नाही असे समजू नये. आत कुणीतरी आपल्या वाट्याचे बिल भरत बसलेले असते.