पडद्यावरचे ठिपके

ट्रॉलरवरच्या फिश फाइंडरचा पडदा ठिपक्यांनी भरला की तांडेलाचा हात आधी संवेदनशीलता उतरवण्याकडे जातो. ठिपके जातात खरे, पण विरळ पांगलेला मासाही त्यांच्याबरोबर दिसेनासा होतो. मला वाटतं, ही घाई समजून घ्यायला हवी.

बोटीच्या तळाला बसवलेला ट्रान्सड्युसर ध्वनीचा ठोका खाली सोडतो. समुद्राच्या पाण्यात ध्वनी सेकंदाला साधारण १५०० मीटर जातो. म्हणजे ७५ मीटर खोल तळावरून प्रतिध्वनी परत यायला सेकंदाचा दहावा हिस्सा पुरतो. माशावरून परतणारा प्रतिध्वनी मात्र फार क्षीण असतो. अल्टरनेटर, वायरलेस, दिव्यांच्या वायरी यांची विजेची खरखर त्यात सहज मिसळते.

ही खरखर ओळखायची एक साधी चाचणी आहे. ठोके सोडणं बंद करायचं आणि यंत्राला नुसतं ऐकू द्यायचं. ठोकाच नाही, तर प्रतिध्वनी कुठून येणार? तरीही पडद्यावर जे उमटतं, ते मासा नव्हे. मग बोटीवरचं एकेक उपकरण बंद करत जायचं, शेवटी इंजिनही. कशाबरोबर ठिपके गेले, ते पाहायचं. बहुतेक वेळा दोष आपल्याच बोटीत सापडतो. यंत्राला थेट बॅटरीतून वेगळी वायर द्यावी, ट्रान्सड्युसरची केबल इंजिनच्या वायरींपासून लांब न्यावी, ओलांडायचीच असेल तर काटकोनात. एवढ्यानं बराच फरक पडतो. हे सोडून थेट यंत्रातली नको ते पुसणारी गाळणी वाढवणं मला पटत नाही.

शेजारच्या बोटीचं यंत्र आपल्याच फ्रिक्वेन्सीवर चालत असेल, तर पडद्यावर तिरप्या तुटक रेघा उमटतात. यंत्रातली गाळणी लागोपाठच्या ठोक्यांची तुलना करते. जो प्रतिध्वनी पुन्हा त्याच जागी येतो तो ठेवते, एकदाच आलेला पुसते. तिथे ती रास्तच. पण एकटादुकटा मासा एकाच ठोक्यात सापडला, तर तोही पुसला जातो. त्यापेक्षा दुसरी फ्रिक्वेन्सी निवडणं बरं.

आणि हवा! पंख्यानं घुसळलेले बुडबुडे ट्रान्सड्युसरखालून गेले की ध्वनी तिथेच अडतो. म्हणून ट्रान्सड्युसर पंख्यापासून दूर, पाणी संथ वाहतं अशा जागी बसवतात. पण अनेक माशांच्या पोटात वायूची पिशवी असते, आणि त्यांचा प्रतिध्वनी येतो तो मुख्यतः तिच्यावरूनच. बुडबुड्यातली हवा अडथळा, आणि माशाच्या पोटातला वायू हीच त्याची खूण. म्हणून पडद्यावरचं नको असलेलं सगळं सरसकट फेकायला मन धजत नाही.

याचं एक जुनं उदाहरण आहे. १९४२ साली, महायुद्धाच्या काळात, कॅलिफोर्नियाजवळच्या समुद्रात पाणबुडी शोधण्याच्या ध्वनिप्रयोगांत तळाच्या कितीतरी वर, तीनएकशे मीटरच्या आसपास, एक थर प्रतिध्वनी देऊ लागला. तिथे तळ नव्हता. १९४५ मध्ये जीवशास्त्रज्ञ मार्टिन जॉन्सन यांनी दाखवलं, की हा थर संध्याकाळी वर येतो आणि पहाटे खाली उतरतो. तो सजीवांचा होता: छोटे मासे, कोळंबीसारखे जीव. शोध पाणबुडीचा होता, तेव्हा त्या लोकांनी हा थर निकामी म्हणून पुसून टाकला असता तरी कोणी दोष दिला नसता. तो पुसला न जाता नीट पाहिला गेला, म्हणून त्याचं वर-खाली होणं कळलं.

जून-जुलैच्या मासेमारीबंदीत होड्या किनाऱ्यावर असतात, तेव्हा ट्रान्सड्युसरवरचं शेवाळ हलक्या हातानं काढावं, त्यावर रंगाचा जाड थर चढू देऊ नये, आणि सगळी वायरिंग एकदा उघडून पाहावी. नारळी पौर्णिमेनंतर बोट पाण्यात गेली, की पहिल्याच फेरीत गाळण्या बंद ठेवून पडदा थोडा वेळ तसाच बघावा.