बापाचें हसणें

(कलस्सैकरांस पत्र 3:21)

पौल प्रेषितानें कलस्सै येथील मंडळीस लिहिलेल्या पत्रांत बापांसाठीं एक लहानशी आज्ञा आहे. लेंकरांस इतकें सतावूं नये कीं त्यांचा धीरच खचून जावा, असा तिचा भावार्थ. प्रिय बंधुभगिनींनो, बायकांनीं व मुलांनीं कसें वागावें ह्या विषयावर आपल्या मंडळ्यांत पुष्कळ उपदेश होतात. हें वचन मात्र बहुधा वाचून पुढें जाण्यांत येतें. गांवोगांवीं फिरतांना आम्हांस असें आढळतें कीं, बाप उंबऱ्यांत आला म्हणजे घर गप्प होतें. मुलें आईच्या आड होतात, आणि ह्यालाच बाप आपला मान समजतो. तींच मुलें रविवारीं देवाला बाप म्हणून हांक मारावयास शिकतात. त्या शब्दाबरोबर त्यांच्या मनापुढें कोणाचा चेहरा उभा राहत असेल बरें?

डॉ. मार्टिन लूथर ह्यांस आपण 1517 सालच्या पंचाण्णव सिद्धान्तांवरून व 1521 सालच्या वर्म्स येथील सभेवरून ओळखतों. घरांतील लूथर आपणांस फारसे ठाऊक नाहींत. त्यांचें स्वतःचें बालपण छडीखालीं गेलें. वडील हान्स हे तांब्याच्या खाणीच्या धंद्यांत होते. माणूस कष्टाळू, पण हात कडक. एकदां त्यांनीं असा मार दिला कीं मुलगा त्यांच्यापासून दूर पळूं लागला, व त्याला पुन्हां जवळ करितांना बापाला फार सायास पडले. हें लूथर स्वतःच पुढें पंक्तीस सांगत. म्हणून त्यांचें म्हणणें असें कीं, छडीशेजारीं सफरचंदही ठेवावें.

1525 सालीं काथरीना फॉन बोरा ह्या पूर्वाश्रमीच्या मठवासिनीशीं त्यांचा विवाह झाला, आणि विटेनबर्गच्या जुन्या मठाचें घर बनलें. त्यांना सहा मुलें झालीं. शिवाय आप्तांचीं पोरकीं लेंकरें व विद्यार्थी घरांत असतच. शेत, गुरें, सर्व व्यवहार बाई पाहत, म्हणून लूथर त्यांस थट्टेनें “माझे यजमान काथे” म्हणत. लग्नापूर्वींच, 1522 सालीं, त्यांनीं लिहिलें होतें कीं, बाप बाळोतीं धूत असतां लोक त्याला हसले तर हसोत. देवही दूतांसह हसतो, पण तो संतोषानें. आपल्या गांवांतील किती पुरुष बाळोतीं घेऊन नदीवर जातील, हें आम्ही विचारीत नाहीं. कोणाच्या घरीं भांडण लावण्याचा आमचा हेतु नाहीं.

1530 सालीं ऑग्सबुर्ग येथें सम्राटापुढें सुधारलेल्या मंडळ्यांचा कबुलीजबाब वाचला जावयाचा होता. लूथर ह्यांना साम्राज्यानें बहिष्कृत केलें असल्यामुळें तेथें जातां येईना. ते कोबुर्गच्या किल्ल्यांत कित्येक महिने राहिले. तेथें काथरीनाबाईंनीं वर्षभराच्या माग्डालेनेचें चित्र धाडिलें. लूथर ह्यांनीं तें बराच वेळ न्याहाळिलें, तरी ओळख पटेना. लेना इतकी काळी कशी, म्हणून त्यांस नवल वाटलें! मग तें जेवणाच्या मेजासमोर भिंतीवर लाविलें, आणि त्याकडे पाहून चिंतांचा विसर पडूं लागला. त्याच दिवसांत, 5 जून रोजीं, वडील वारल्याची वार्ता आली. स्तोत्रांचें पुस्तक घेऊन ते आपल्या खोलींत गेले आणि इतके रडले कीं दुसऱ्या दिवशीं त्यांचें डोकें जड झालें होतें. ज्या बापाचा मार विसरला नव्हता, त्याच बापासाठीं हे अश्रू होते.

त्यानंतर दोनच आठवड्यांनीं, 19 जून रोजीं, त्यांनीं आपल्या चार वर्षांच्या हान्सास पत्र लिहिलें. नांव आजोबांचेंच, पण पत्र पाहा कसें! एक सुंदर बाग आहे. तेथें मुलें सोनेरी अंगरखे घालून झाडांखालचीं सफरचंदें वेंचितात, गातात, आणि सोन्याचे लगाम व रुप्याचीं खोगिरें असलेल्या लहान घोड्यांवर बसतात. माझ्या हान्सास येथें येतां येईल काय, असें बापानें बागेच्या धन्यास विचारिलें. प्रार्थना करणारा, शिकणारा व गुणी असेल तर अवश्य, असें उत्तर मिळालें. मग त्याचे सवंगडी लिपुस व योस्त ह्यांचीही सोय झाली, आणि घरांतील लेना मावशीचीही! सम्राटाच्या सभेचें ओझें डोक्यावर असतांना हा बाप बोटभर पोरासाठीं खोगिराचें रुपें घाशीत बसला होता. अभ्यास व प्रार्थना ह्यांची अट त्या पत्रांतही आहे. ती सुटलेली नाहीं. मात्र मुलगा धाकानें नव्हे, तर बागेच्या ओढीनें तिकडे निघावा, अशी ती घातलेली आहे.

लूथर ह्यांच्या लेखणीचें सर्वच आम्हांस मान्य नाहीं. 1543 सालीं यहुदी लोकांविरुद्ध त्यांनीं जें लिहिलें तें ख्रिस्ती मनास लाज आणणारें आहे. घरांतील गोडवा बाहेर सर्वत्र गेला नाहीं, हें खरेंच.

1542 सालीं माग्डालेना तेरा वर्षांची असतां आजारी पडली. ह्या बापापाशीं राहण्यास तुला आवडेल ना, आणि त्या बापाकडे जाण्यासही तूं राजी आहेस ना, असें त्यांनीं तिला विचारिलें. देवाची इच्छा असेल तसें, असें ती म्हणाली. बंधूंनो, त्या प्रश्नांत दोन बाप होते, आणि मुलीला दोहोंपैकीं कोणाचेंही भय नव्हतें! 20 सप्टेंबर रोजीं बापाच्या हातांवर तिनें प्राण सोडिला. ती सुखरूप आहे हें ठाऊक असूनही इतकें दुःख व्हावें ह्याचें लूथर ह्यांस आश्चर्य वाटलें. त्यांनीं तें दुःख लपविलें नाहीं.

1546 सालच्या फेब्रुवारींत ते आइस्लेबेन ह्या आपल्या जन्मगांवीं तंटा मिटवावयास गेले. प्रकृति ढासळलेली, आणि घरीं पत्नी काळजीनें व्याकूळ. 10 तारखेस त्यांनीं तिला लिहिलें कीं, तूं काळजी करूं लागल्यापासून येथें दाराशीं आग लागली, आणि काल एक दगड डोक्यावर पडतां पडतां राहिला. आतां ही काळजी थांबली नाहीं तर पृथ्वी आम्हांस गिळील अशी भीति वाटते! 18 तारखेस पहांटे ते प्रभूमध्यें निजले. मार्टिन व पाउल हे त्यांचे दोघे मुलगे त्या वेळीं जवळ होते.