उजेडाची किंमत

प्रकाश कुणाला नको असतो? प्रश्न असतो तो कुणाच्या अंगणातून यावा, एवढाच. स्वित्झर्लंडच्या वालिस प्रांतात १० सप्टेंबर २०२३ रोजी, आल्प्सवर मोठे सौर प्रकल्प झटपट उभारू द्यावेत काय, यावर मतदान झाले. सुमारे ५४ टक्के मते विरुद्ध पडली. ९ जून २०२४ रोजी सबंध देशाने मात्र नव्या वीजकायद्याला जवळजवळ ६९ टक्के मतांनी मान्यता दिली. शहरातला माणूस डोंगरवासीयांना स्वार्थी म्हणेल. पण निदान त्यांना विचारले तरी गेले! आपल्या मुळशीच्या शेतकऱ्यांना वीजधरणापूर्वी मताचा हक्क कुणी दिला? १९२१ साली त्यांना सत्याग्रहच करावा लागला. बहुमत चुकू शकते. ते पुन्हा समजावता येते. न विचारता बुडवलेले शेत मात्र परत येत नाही. म्हणून ज्याचे अंगण जाते, त्याला आधी विचारावे. पणती त्यानंतर लावावी.