पोकर: कौशल्य की जुगार?



२२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळायचे सर्व ऑनलाइन खेळ बंद ठरवले. पोकर व रमीही त्यात आले. तेव्हापासून काही तरुण तक्रारीच्या सुरात विचारतात, "फादर, पोकर तर डोक्याचा खेळ. तो जुगार कसा?"

प्रश्न गैर नाही. १८८७ चा मुंबईचा जुगार प्रतिबंधक कायदाही निव्वळ कौशल्याच्या खेळांना वगळतो. पोकरला हिशेब लागतो, संयम लागतो. त्यातली थापही खोटे बोलणे ठरत नाही, कारण तो नियम सर्वांना मान्य असतो. नवा कायदा मात्र कौशल्य की नशीब हा वाद बाजूला सारून पैसा लागला का, एवढेच पाहतो.

पण कौशल्यामुळे नैतिक प्रश्न सुटतो का? मला तर तो अधिक बिकट होतो असे वाटते. सुताराच्या कौशल्याने जगात एक टेबल वाढते. पोकरच्या टेबलावर काहीच वाढत नाही. एकाचे जाते तेच दुसऱ्याला मिळते, आणि खेळवणारा मधल्यामध्ये आपला वाटा काढून घेतो. कच्च्या खेळाडूला तिथे 'फिश' म्हणतात, म्हणजे मासा. आपल्या कोळी बांधवांना याचा अर्थ फोडून सांगायला नको! नशिबाने जिंकणारा निदान कोणाला हेरत नाही. कुशल खेळाडू मात्र गेलेले पैसे परत मिळवण्यासाठी इरेला पेटलेला माणूस बरोबर शोधतो.

ख्रिस्तसभा पत्त्यांना किंवा पैजेला मुळातच पाप म्हणत नाही. कॅथोलिक धर्मशिक्षण ग्रंथ (परिच्छेद २४१३) मर्यादा घालतो ती अशी: स्वतःच्या वा इतरांच्या गरजेचे त्यातून हिरावले जाऊ नये. जुगाराच्या ओढीची गुलामगिरी होते, असा इशाराही तो देतो. नव्या कायद्यात खेळवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहेत; खेळणाऱ्याला शिक्षा नाही, कायदा त्याला फसलेला समजतो. मुलांच्या फीचे पैसे लावणाऱ्याला विवेकबुद्धी एवढी सूट देत नाही.

"मग आपल्या सणातली हाऊजी?" असे कोणी विचारील. ती तर निव्वळ नशीब! पण एका तिकिटाने कोणाची चूल अडत नाही, आणि शेजाऱ्याला लुबाडायला तिथे कोणी बसत नाही. तिकिटांवर तिकिटे घेत सुटलेला कोणी दिसला, तर स्वयंसेवकांनी त्याला प्रेमाने थांबवावे, असे मी सणाच्या कमिटीला सांगितले आहे.

ख्रिस्तात आपला,
प्रमुख धर्मगुरू