विचारल्यावाचून दिलेली कबुली

आंद्रे आगासी हा अमेरिकन टेनिसपटू आठ ग्रँड स्लॅम एकेरी विजेतेपदे मिळवून २००६ मध्ये निवृत्त झाला. २००९ साली ‘ओपन’ या आत्मचरित्रात त्याने बारा वर्षांपूर्वीचे एक असत्य आपण होऊन उघड केले. १९९७ मध्ये चाचणीत त्याच्या शरीरात अमली पदार्थ आढळला होता. तीन महिन्यांची बंदी समोर दिसत होती. ‘साहाय्यकाच्या पेयात तो मिसळलेला होता, ते मी चुकून प्यायलो,’ अशा आशयाचे पत्र त्याने व्यावसायिक टेनिसच्या संघटनेला धाडले. ते मान्य झाले. त्याच वर्षी १४१व्या क्रमांकावर घसरलेला हा खेळाडू १९९९ मध्ये फ्रेंच स्पर्धा जिंकून पुन्हा अग्रस्थानी पोहोचला.

शिक्षेचे भय सरल्यावर दिलेल्या कबुलीचे मोल ते काय? किताब सुरक्षित होते, शिवाय पुस्तकही खपणार! आम्हांलाही प्रथम असेच वाटले. परंतु मौन त्याहून स्वस्त होते. लोकांचे प्रेम त्याच्यापाशी होते. ते त्याने पणाला लावले, आणि काही माजी प्रतिस्पर्ध्यांचे कठोर बोल ऐकून घेतले.

तरीही आम्हांला सलतो तो साहाय्यक. पदार्थ प्रथम त्यानेच पुढे केला, असे आगासी लिहितो. म्हणजे तो निर्दोष नव्हे. पण दोघांनी मिळून केलेल्या कृत्याचा सारा भार त्या पत्राने एकट्याच्या माथी टाकला, आणि बारा वर्षे तो तिथेच राहिला.