निवाडा आणि आक्रोश

धार्मिक निवाड्याविरुद्धचा संताप जेव्हा गीतरूप घेतो, तेव्हा ते गीत निवाड्याची संस्थाच नाकारत असते, की निवाडा करणाऱ्याची जागा केवळ स्वतःकडे घेत असते? हेवी रॉकच्या गीतरचनेसंबंधी हा प्रश्न सहज सुचतो. मात्र त्याचा विचार कोल्हापुरापासून सुरू करणे मराठी समीक्षेला अधिक उपकारक ठरेल.

1899 च्या कार्तिकात पंचगंगेवर स्नानास गेलेल्या शाहू छत्रपतींसाठी पुरोहित पुराणोक्त मंत्र म्हणत असल्याचे उघडकीस आले. शूद्राला वेदोक्ताचा अधिकार नाही, हे त्यामागचे कारण होते. हा निवाडा कृत्यावर दिलेला नव्हता, जन्मावर दिलेला होता. म्हणूनच कोणत्याही आचरणाने तो फिरवता येण्यासारखा नव्हता. राज्यकर्त्याचीही ही अवस्था असेल, तर सत्ताहीनांना त्याविरुद्ध तक्रार मांडण्यासाठी कोणती भाषा उरते?

सत्यशोधक परंपरेने ती भाषा गाण्यात शोधली. महात्मा फुले यांच्या अखंडांनी अभंगाचा घाट घेतला. सत्यशोधक जलशांनी तमाशाचा गण, गवळण, वग हा सांगाडा घेऊन त्यात पुरोहितशाहीची चिकित्सा भरली. येथे संतापाला उपलब्ध लोकरूपाचा आधार मिळाला. जलशातील भटाचे पात्र व्यंगचित्रासारखे असले तरी ते रंगमंचावर येते, बोलते, सवालाला जबाब देते. प्रतिपक्षाचा युक्तिवाद विकृत स्वरूपात का होईना, श्रोत्यांपर्यंत पोहोचतो आणि अंतिम निर्णय गावच्या चव्हाट्यावर सोडला जातो.

हेवी रॉकचा घाट याहून वेगळा आहे. मेटॅलिका या अमेरिकन वाद्यवृंदाचे ‘द गॉड दॅट फेल्ड’ (1991) हे गीत या दृष्टीने विचारार्ह आहे. गीतकार जेम्स हेटफिल्ड यांचे बालपण ख्रिश्चन सायन्स पंथाच्या घरात गेले; श्रद्धेपोटी वैद्यकीय उपचार नाकारणाऱ्या त्यांच्या आईचा कर्करोगाने मृत्यू झाला. ज्या पंथावर हे गीत आरोप ठेवते, त्याला त्यात उत्तराची जागा नाही. ध्वनिवर्धित गिटार आणि गर्जनेजवळ जाणारा आवाज मध्येच बोलण्याची शक्यताच संपवून टाकतात. प्रवचनपीठावरून येणारा शब्दही असाच एकतर्फी असतो. म्हणजे ज्या पीठाविरुद्ध गाणे उभे राहते, त्याच पीठाची संवादरीती ते उचलते, असा आक्षेप घेता येईल.

हा आक्षेप रूपाच्या पातळीवर खरा आहे. नैतिक पातळीवर तो अपुरा पडतो. या गीतातील वादाची खरी दुसरी बाजू, ती आई, हयातच नाही. जेथे उत्तर देणारे कोणी उरलेले नाही, तेथे मोठा आवाज अरेरावीचा न राहता शोकाचा होतो. शिवाय पुरोहिताच्या निवाड्यामागे अंमलबजावणीचे बळ असते. तो संस्कार नाकारू शकतो, देवळाचे दार बंद करू शकतो, पाणवठा तोडू शकतो. गीताच्या हाती असे काहीच नसते. घाव सोसणाऱ्याकडून तोलून-मापून बोलण्याची अपेक्षा करणे हा त्याच्यावर लादलेला आणखी एक निवाडाच ठरतो. असा निवाडा बहुधा संहिता न वाचताच दिला जातो, हे ब्लॅक सॅबथच्या उदाहरणावरून दिसते. सैतानी म्हणून हिणवल्या गेलेल्या या वाद्यवृंदाचे ‘आफ्टर फॉरएव्हर’ (1971) हे गीत कॅथलिक घरात वाढलेल्या गीझर बटलर यांनी लिहिले, आणि ते श्रद्धेच्या बाजूने बोलते.

तथापि बळाचा हा फरक कायमचा नसतो. कोल्हापुरातच 1920 साली क्षात्रजगद्गुरूचे पीठ निर्माण झाले. ब्राह्मणेतरांना पुरोहितावलंबनातून सोडवणे हा त्यामागचा हेतू समजण्यासारखा होता. पण जगद्गुरुपद ही कल्पना टिकली, त्यावर बसणारा तेवढा बदलला. वेदोक्ताच्या मागणीतही हाच पेच होता. आपल्याला शूद्र ठरवू नका, असे म्हणताना शूद्र ठरवण्याची व्यवस्था आपोआप मोडत नाही. फुल्यांचे अखंड याच्या पुढे जातात. ते एका निर्मिकापुढे सर्व माणसांना समान मानून निवाड्याचा जन्माधारच काढून घेतात.

यावरून समीक्षेसाठी एक निकष हाती लागतो. संतापाच्या गीताचे मोल त्याच्या तीव्रतेवरून किंवा संयमावरून ठरवू नये. गाणाऱ्याला उद्या तेच पीठ मिळाले, तर हेच गीत त्याच्याविरुद्ध गाता येईल का, हे पाहावे. विशिष्ट पुरोहिताला फक्त हुसकावू पाहणारे गीत त्या दिवशी निरुपयोगी होईल. माणसाने माणसाचा जन्म तोलण्याचा अधिकारच ज्याने नाकारला आहे, ते गीत तेव्हाही गावे लागेल, आणि बहुधा ज्यांनी ते रचले त्यांनाच ते ऐकावे लागेल.