सेवाव्रत आणि सेवाशर्ती

परिचारिकेची विश्रांती, तिचे स्वतःचे आरोग्य, तिची सुरक्षितता आणि तिच्या नोकरीच्या अटी हा सार्वजनिक आरोग्यधोरणाचा विषय आहे, ही कल्पना महाराष्ट्रात फार उशिरा रुजली आणि आजही ती पुरती मान्य झाली आहे असे म्हणता येत नाही. परिचर्या, म्हणजे आजाऱ्याची देखभाल, उपचारांची अंमलबजावणी आणि त्याच्या प्रकृतीतील बदलांचे सतत निरीक्षण, ही आरंभी पुण्यकर्म मानली गेली, पुढे ती प्रशिक्षित व्यवसाय झाली, त्यानंतर शासकीय योजना गावोगाव पोहोचवण्याचे साधन झाली. या तिन्ही अवस्थांत ते काम करणारी स्त्री मात्र विचाराच्या कडेलाच राहिली. ती मध्यभागी कशी येत गेली हे समजून घ्यायचे तर मुंबई-पुण्याच्या मोठ्या रुग्णालयांचा इतिहास पाहावा लागतो, आणि त्याबरोबरच इंदापूर तालुक्यातील निमगाव केतकीसारख्या गावातले प्राथमिक आरोग्य केंद्रही पाहावे लागते, कारण कागदावरच्या धोरणाला माणसे पुरतात की नाही हे अशाच ठिकाणी कळते.

पुण्यात ससून रुग्णालय १८६७ साली सुरू झाले आणि मुंबईत कामा रुग्णालय १८८६ साली. मुंबईत १८९१ साली प्रशिक्षणासाठी आलेल्या बाई काशीबाई गणपत यांचा उल्लेख परिचर्येच्या इतिहासात पहिल्या भारतीय प्रशिक्षणार्थी म्हणून केला जातो. परंतु मराठी समाजाच्या स्मरणात या काळातली जी प्रतिमा राहिली ती रुग्णालयातली नव्हे, प्लेगच्या साथीतली आहे. सावित्रीबाई फुले यांनी दत्तकपुत्र डॉ. यशवंत यांच्या पुण्याजवळच्या दवाखान्यात प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा केली आणि त्याच रोगाची लागण होऊन १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. त्या बलिदानाची थोरवी निर्विवाद आहे. मात्र शुश्रूषा करणाऱ्याला संसर्गापासून वाचवणे हे व्यवस्थेचे कर्तव्य आहे, असा जो निष्कर्ष त्यातून निघायला हवा होता तो त्या काळी निघाला नाही. शुश्रूषा करणाऱ्याने जिवाची पर्वा करू नये, एवढाच धडा समाजाने उचलला आणि तो पुढे अनेक पिढ्या परिचारिकांना ऐकवला गेला.

रमाबाई रानडे आणि गो. कृ. देवधर यांच्या पुढाकाराने १९०९ साली उभ्या राहिलेल्या पुणे सेवासदनाने या विचाराला वेगळे वळण दिले. विधवा आणि निराधार स्त्रियांना ससून रुग्णालयाच्या साहाय्याने परिचारिकेचे व सुईणीचे शिक्षण देताना सेवासदनाने शुश्रूषा आणि स्वतःच्या कमाईची भाकरी या दोन गोष्टी एकत्र आणल्या, आणि परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावावा लागणारे काम कुलीन घरातली स्त्री करू शकते हे पुणेकरांच्या गळी उतरवले. ही प्रतिष्ठा शिस्तीच्या बळावर मिळवलेली होती, आणि त्या शिस्तीत स्त्रीने कामाच्या तासांबद्दल किंवा वेतनाबद्दल तक्रार करणे बसत नव्हते. प्रतिष्ठा मिळाली, पण बोलण्याची मुभा मिळाली नाही.

ती मुभा संघटना आणि कायदा यांच्या वाटेने हळूहळू आली. १९०८ साली प्रशिक्षित परिचारिकांची अखिल भारतीय संघटना स्थापन झाली, १९४७ साली भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला आणि महाराष्ट्राने १९६६ साली स्वतंत्र परिचारिका अधिनियम केला. नोंदणी, म्हणजे ठरावीक अभ्यासक्रम पूर्ण केलेल्या व्यक्तीचे नाव परिषदेच्या नोंदवहीत असल्याखेरीज तिला हा व्यवसाय करता येऊ नये ही व्यवस्था, मुख्यतः रुग्णाच्या संरक्षणासाठी होती. परिचारिकेच्या संरक्षणाचा प्रश्न संख्येच्या रूपाने पुढे आला. डॉक्टर सुमारे ६,३०० लोकांमागे एक आणि परिचारिका मात्र सुमारे ४३,००० लोकांमागे एक, असे देशाचे चित्र भोर समितीने १९४६ च्या अहवालात मांडले. डॉक्टरांपेक्षा परिचारिका कितीतरी कमी, ही उलटी उतरंड ज्या देशाने वारशात घेतली त्या देशात एकीवर अनेकींचे काम पडणे हा अपवाद न राहता रीत होणार, हे उघड होते.

ग्रामीण भागात ही रीत १९७३ च्या कर्तारसिंग समितीनंतर पक्की झाली. वेगवेगळ्या रोगांसाठी वेगवेगळे कर्मचारी नेमण्याऐवजी बहुउद्देशीय आरोग्य कर्मचारी असावेत, असे या समितीने सुचवले, आणि प्रसूतीसाठी प्रशिक्षण घेतलेली सहायक परिचारिका प्रसाविका आरोग्यसेविका म्हणून लसीकरण, हिवताप, क्षयरोग, कुटुंबनियोजन अशा सगळ्या कार्यक्रमांची वाहक झाली. विचार म्हणून ही योजना शहाणपणाची होती, कारण एका घरी पाच जणांनी जाण्यापेक्षा ओळखीच्या एकीने जाणे केव्हाही चांगले. परंतु प्रत्येक नव्या कार्यक्रमाबरोबर नवी नोंदवही आली आणि जुने काम कधी कमी झाले नाही. कुटुंबनियोजनाच्या उद्दिष्टांचा आकडा १९९६ पर्यंत वरून ठरून येत असे. त्या वर्षी उद्दिष्टमुक्त पद्धत जाहीर झाली, तरी मासिक बैठकीत आकड्यावरून उभे राहण्याची धास्ती त्या पिढीतल्या आरोग्यसेविकांच्या मनातून सहजासहजी गेली नाही. मानसिक ताण हा शब्द शासकीय कागदात येण्याच्या कितीतरी आधी तो ताण उपकेंद्रात नांदत होता.

परिचारिकेच्या सुरक्षिततेचा प्रश्न मराठी समाजासमोर आला तो मुंबईच्या केईएम रुग्णालयातून. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी अरुणा शानबाग या तरुण परिचारिकेवर, काम संपवून रुग्णालयाच्या तळघरात कपडे बदलत असताना, तिथल्याच एका सफाई कर्मचाऱ्याने हल्ला केला. मेंदूला झालेल्या इजेमुळे त्या पुन्हा कधीच सावरल्या नाहीत आणि १८ मे २०१५ रोजी त्यांचा मृत्यू झाला. हल्ल्यानंतर मुंबईतील परिचारिकांनी संप केला. पुढे ऐंशीच्या दशकात अरुणा यांना रुग्णालयाबाहेर हलवण्याचा प्रयत्न झाला तेव्हा केईएमच्या परिचारिकांनी पुन्हा संप करून तो हाणून पाडला. सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ च्या निकालात, अरुणा यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार त्यांची इतकी वर्षे काळजी घेणाऱ्या या रुग्णालयाच्या कर्मचाऱ्यांचाच आहे, असे मान्य केले.

या प्रकरणाकडे बहुतेक वेळा दयामरणाच्या किंवा भगिनीभावाच्या अंगाने पाहिले जाते. परिचर्येच्या दृष्टीने त्यातील सर्वांत बोलकी गोष्ट अशी की चार दशके अंथरुणाला खिळलेल्या त्या देहावर शय्याव्रण होऊ दिले गेले नाहीत. शय्याव्रण, म्हणजे एकाच कुशीवर पडून राहिल्याने दाबाखालची त्वचा कुजून होणारी जखम, टाळायची तर साधारण दर दोन तासांनी रुग्णाची कूस बदलावी लागते, त्वचा तपासावी लागते, अंथरूण कोरडे आणि चुणीविरहित ठेवावे लागते, आणि हे रात्रीच्या पाळीतही चुकवून चालत नाही. त्यामागे माया होती यात शंका नाही. पण माया दर दोन तासांनी खाटेपाशी पोहोचायची तर पाळीवर पुरेशी माणसे असावी लागतात. ज्या परिचारिकांनी हे साधले त्याच परिचारिका संपावरही गेल्या होत्या, हे लक्षात घेतले तर सेवाभाव आणि हक्काची मागणी यांत विरोध असल्याचा जुना समज टिकत नाही.

सरोजिनी वरदप्पन यांच्या अध्यक्षतेखालील उच्चाधिकार समितीने १९८० च्या दशकाच्या अखेरीस आठवड्याचे कामाचे तास, निवास, जादा कामाचा मोबदला आणि परिचर्येबाहेरची कामे परिचारिकांवर न लादणे याबाबत ठोस शिफारशी केल्या. पुष्कळशा शिफारशी आजच्या मागणीपत्रांतही जवळपास तशाच दिसतात. २००५ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने मनुष्यबळ वाढवले, ते मात्र कंत्राटी. त्यामुळे एकाच खोलीत, एकच काम करणाऱ्या दोघींचे वेतन, रजा आणि उद्याची शाश्वती वेगवेगळी झाली. महाराष्ट्रात वैद्यकीय सेवेतील व्यक्तींवरील हिंसा रोखणारा कायदा २०१० साली झाला. मे २०२२ मध्ये बाह्यस्रोतांमार्फत होणाऱ्या भरतीविरुद्ध आणि जुलै २०२५ मध्ये वेतनत्रुटींसह इतर मागण्यांसाठी राज्यातील परिचारिका संपावर गेल्या. संपात रुग्ण भरडला जातो, ही टीका खरी आहे आणि ती परिचारिकांना इतरांपेक्षा अधिक बोचते. परंतु रिक्त पदांमुळे तोच रुग्ण वर्षभर भरडला जात असतो आणि त्याची बातमी होत नाही, हेही तितकेच खरे आहे.

निमगाव केतकी हे पानमळ्यांसाठी ओळखले जाणारे, बारामती-इंदापूर रस्त्यावरचे गाव. तिथल्यासारख्या केंद्रात रात्री एक बाळंतीण दाखल झाली की परिचारिकेने काय करावे, हे शास्त्राने ठरवून दिले आहे. कळांची प्रगती आलेखावर मांडायची, दर अर्ध्या तासाने बाळाचे ठोके आणि आईची नाडी पाहायची, दर चार तासांनी रक्तदाब आणि गर्भाशयमुखाचा विस्तार नोंदवायचा, बाळ जन्मताच मिनिटभरात आईला रक्तस्राव रोखणारे इंजेक्शन द्यायचे आणि त्याच क्षणी बाळ रडते का, श्वास घेते का, हेही पाहायचे. सर्पदंशाचा रुग्ण त्याच वेळी दारात आला आणि पाळीवर ती एकटीच असली तर आलेखावरची अर्ध्या तासाची एक नोंद चुकते, आणि ठोके मंदावल्याची खूण नेमकी त्या नोंदीत असू शकते. थकव्यानेही अशीच नोंद चुकू शकते, तेव्हा परिचारिकेचा थकवा हा तिचा खासगी प्रश्न राहत नाही.

चोवीस तास एक परिचारिका हजर ठेवायची तर आठवड्याला एकवीस पाळ्या होतात. एकीने आठवड्याला सहा पाळ्या केल्या तर साडेतीन जणी लागतात, आणि रजा, प्रशिक्षण, आजारपण यांसाठी तीस टक्के राखीव धरले तर साडेचार. भारतीय सार्वजनिक आरोग्य मानकांनी २०१२ साली, प्रसूतींची संख्या कमी असलेल्या प्राथमिक आरोग्य केंद्रासाठी आवश्यक धरलेल्या परिचारिका तीन होत्या. तिघी मिळून अठरा पाळ्या होतात. कोणीही रजा न घेता आठवड्याच्या तीन पाळ्या उघड्या राहतात. त्या भरल्या जातात त्या कोणाच्या तरी साप्ताहिक सुट्टीतून, म्हणजे कोणाच्या तरी मुलाच्या आजारपणातून किंवा झोपेतून. पदे पूर्ण भरूनही राहणारी ही तूट त्या मानकातच होती. म्हणून परिचारिकांच्या संघटनांनी रिक्त पदे भरण्याच्या मागणीबरोबर मानकाच्या गणितालाच हात घालणे अधिक गरजेचे आहे.

लोकसंख्येच्या निकषाचेही तसेच आहे. सपाट प्रदेशात पाच हजारांमागे एक उपकेंद्र आणि तीस हजारांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, हा हिशेब जनगणनेतल्या कायम रहिवाशांवर बेतलेला आहे. इंदापूर आणि बारामती तालुक्यांत दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणीचा हंगाम सुरू होतो, भवानीनगर आणि बिजवडीच्या कारखान्यांच्या परिसरात मराठवाड्यातून आलेल्या टोळ्यांच्या कोप्या पडतात, आणि त्यांत गरोदर बायका असतात, लसीचे कार्ड गावीच राहिलेली मुले असतात. आषाढीच्या वाटेवर तुकाराम महाराजांच्या पालखीचा मुक्काम निमगाव केतकीत पडतो, तेव्हा एका रात्रीत गावाची वस्ती कितीतरी पटींनी वाढते. पालखीसाठी निदान बाहेरून पथके येतात. हंगामाचे सहा महिने मात्र गावातल्याच आरोग्यसेविकेने लसवाहकात बर्फाच्या वड्या भरून फडावर जायचे, गोवर-रुबेलाची कुपी एकदा कालवली की चार तासांत संपवायची किंवा फेकायची, म्हणून किती मुले जमतील याचा अंदाज मुकादमाला विचारून घ्यायचा, आणि परत आल्यावर ठरल्या वस्तीचे ठरले काम पुरे करायचे.

या स्थलांतरितांच्या नोंदी तिच्याच हाताने होतात. कोणत्या महिन्यात किती गरोदर स्त्रिया आल्या, किती बाळंतपणे झाली, किती मुलांचे डोस राहिले, याची तिच्याइतकी नेमकी माहिती तालुक्यात दुसऱ्या कोणाजवळ नसते. २०२३ च्या राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोग अधिनियमाने १९४७ च्या कायद्याच्या जागी शिक्षण, नोंदणी व व्यावसायिक आचार यांची नवी चौकट घातली. किती माणसांमागे किती परिचारिका असाव्यात हा निर्णय मात्र वित्त आणि आरोग्य विभागांच्या पदनिर्मितीच्या प्रस्तावांत होतो. त्या प्रस्तावांना हंगामी लोकसंख्येच्या या नोंदी जोडल्या जाव्यात आणि त्या मांडायला प्रत्यक्ष उपकेंद्रात काम केलेली परिचारिका जिल्हा परिषदेच्या व मंत्रालयाच्या बैठकीत बसावी, ही मागणी वेतनवाढीच्या मागणीइतकीच तातडीची आहे.